बाहेरपर्यंत ऐकू जाईल असे

ब्लेडने पेन्सिल तासण्याचा आवाज मला आजही दुसऱ्या खोलीतून ओळखू येतो. आधी कोरडी, सावकाश खरखर, मग एक फुंकर, आणि तिच्यामागून येणारा कच्च्या लाकडाचा गोडसर वास. आमच्या कचेरीत हा वास दर शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला येई. खालच्या मजल्यावर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. तेथून जिन्याने चढत आलेला स्पिरिटचा थंड वास त्यात मिसळे. पेन्सिल लाल शिशाची असे. तिचे टोक अंगठ्यावर हलकेच टेकवून पाहिले, की भाऊसाहेब चष्मा कपाळावर सरकवत, डोळे मिटत आणि म्हणत, "वाचा."

मी वाचू लागे. दुसऱ्या-तिसऱ्या नावाशी त्यांचा हात वर होई.

"जरा मोठ्यानं, ताई. बाहेरच्यालाही ऐकू गेलं पाहिजे."

बाहेर कोणी नसेच. बाहेर जिना होता, पाण्याचा पिंप होता, आणि दवाखान्यात बसायला जागा न मिळाल्यामुळे पायऱ्यांवर टेकलेला एखादा रुग्ण. जपानचे किंवा पेरूचे भाग ऐकण्याची त्या बिचाऱ्याला काय असोशी असणार? तरीही मी आवाज चढवीत असे. भाऊसाहेबांच्या सांगण्यात आर्जव नसे आणि हुकूमही नसे. रीत सांगावी तसे ते सांगत.

ती वर्षे तुम्हालाही आठवत असतील. पेठेपेठेत संगणकाचे वर्ग निघाले होते, आणि ज्या घरांतून पूर्वी शिकवण्या चालत त्या घरांवर आता इंग्रजी नावांच्या पाट्या चढत होत्या. अमेरिकेत काही वर्षे काढून परतलेल्या एका तरुण अभियंत्याने सदाशिव पेठेत दोन फ्लॅटांमधली भिंत पाडून आपली कंपनी थाटली होती. वयाने तो माझ्याहून लहान; आम्ही सगळे त्याला सर म्हणत असू. पत्ता भरण्याच्या चौकटीत जगातला कोणताही देश निवडावा आणि त्याचे मोठे भाग, त्यांखालचे लहान भाग, सारे मराठीत उलगडत जावे, असे सॉफ्टवेअर एका गिऱ्हाइकाला हवे होते. मी मराठीची एम.ए., कवितेत वाढलेली. नावे शुद्ध लिहायला मला घेतले होते.

नावे लिहिणे अवघड नव्हते. अवघड होते ते त्या भागांना काय म्हणायचे हे ठरवणे. कोणते राज्य, कोणता प्रांत, कोणता जिल्हा? पहिले दोन महिने मी कानावर विसंबून काम केले. एका देशाच्या भागांना परगणे म्हटले, कारण तो शब्द तिथे शोभत होता. दुसऱ्याच्या भागांना विभाग म्हटले. तीसेक देश संपल्यावर ध्यानात आले, की एकच शब्द मी कुठे डोंगराएवढ्या मुलखाला दिला होता आणि कुठे मूठभर गावांना. सर म्हणाले, सरळ करून टाकू, पहिली पायरी राज्य, दुसरी जिल्हा, सगळ्या जगाला एकच माप. मला ते पटेना, आणि का पटत नाही ते सांगताही येईना.

तेव्हा आमच्यातल्या एका प्रोग्रॅमर मुलीने आपल्या शेजाऱ्यांचे नाव सुचवले. विश्रांतवाडीला राहतात, महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेत, मूळचे विदर्भातले, घरात बसून कंटाळलेत. सोमवारी ते आले. पांढरा शर्ट, कापडी पिशवी, पिशवीत डबा, स्वतःची फूटपट्टी आणि डब्याखाली दोरीने बांधलेली एक जाड फाईल. ती फाईल ते रोज आणीत आणि रोज न सोडता परत नेत. खात्यात त्यांना भाऊसाहेब म्हणत. आम्हीही तेच म्हणू लागलो.

सरांनी त्यांना पहिलाच प्रश्न फ्रान्सचा घातला. भाऊसाहेबांनी पडद्याकडे पाहिलेही नाही.

"याच्यावर कोण आहे आणि खाली कोण, ते आधी दाखवा. नातं कळल्याशिवाय माणसाला मामा म्हणायचं की काका, हे कसं ठरवणार?"

आठवडाभर त्यांनी नुसती नाती मांडली. कागदावर, पेन्सिलीने, पट्टीने ओढलेल्या रेघांमध्ये. मग एक दिवस दोन रकाने आखून ते सरांपुढे ठेवले. एका रकान्यात वर्ग, दुसऱ्यात त्या भागाचे तिथले स्वतःचे नाव. "वर्ग आपला, नाव त्यांचं," ते म्हणाले. ज्याला स्वतःचा कायदा करता येतो ते राज्य. ज्याला वरून आलेला कायदा राबवायचा असतो तो प्रांत. त्याखाली जिल्हा, त्याखाली तालुका. हे शब्द सगळ्या जगासाठी एकाच मापाने वापरायचे. नाव मात्र ज्या त्या देशाच्या दप्तरात असेल तेच, त्याला हात लावायचा नाही. कॅनडाचे लोक आपल्या भागांना प्रांत म्हणत असले, तरी ते भाग कायदे करतात, म्हणून आपल्या रकान्यात ते राज्य. यावर चार दिवस वाद झाला आणि भाऊसाहेब जिंकले.

एवढेच, की 'प्रांत' हा शब्द त्यांच्या घशाखाली उतरायला वेळ लागला. त्यांच्या लेखी प्रांत म्हणजे कलेक्टरच्या हाताखालचा अधिकारी, दोन-चार तालुक्यांचा धनी. त्याला जिल्ह्याच्या डोक्यावर बसवायचे म्हणजे काय? शेवटी वापरणाऱ्यांच्या सवयीपुढे त्यांनी मान तुकवली. "ज्या प्रांतांपुढे जन्मभर फायली धरून उभा राहिलो," लाल खूण करता करता ते म्हणाले, "त्या सगळ्यांना आज माझ्या हातून बढती मिळाली."

शनिवारचे वाचन हीदेखील त्यांचीच रीत. गावाच्या दप्तरातल्या नोंदी चावडीवर सर्वांदेखत मोठ्याने वाचून दाखवायच्या, आणि ज्याला हरकत असेल त्याने तिथल्या तिथे बोलायचे, याला महसुलात चावडीवाचन म्हणतात. भाऊसाहेबांनी ते उचलून सदाशिव पेठेत आणले. शनिवारी अकराला सगळे कळफलक थांबत. मी आठवड्याची पाने वाची. पान संपले की ते डोळे मिटूनच विचारीत, "कुणाची हरकत?" मग तीन श्वास थांबत. मी मोजलेले आहेत. मग पानाखाली लाल खूण होई.

मुली हसत. मीही हसत असे. एकदा पायऱ्यांवरून एका बाईंचा त्रासलेला आवाज आला, की हे काय चालले आहे, आधीच इथे डोके फुटायची वेळ आली आहे. भाऊसाहेब उठून बाहेर गेले, त्यांना प्याला भरून पाणी दिले, काम समजावून सांगितले, परत आले आणि वहीत लिहिले: 'एक हरकत. आवाजाविषयी. ऐकून घेतली. फेटाळली.'

असे दीड वर्ष गेले. जग जवळजवळ पुरे होत आले, आणि आम्ही आपल्या घरच्या मुलखाशी पोहोचलो. इथे सरांना अधिक खोल जायचे होते: गावाखालच्या वाड्या, वस्त्या, तांडे, पाडे, सगळे. सरकारी यादी आली. ती पाने पाहून मी हरखून गेले. केवढी नावे होती त्यांत. झाडांची, ओढ्यांची, विसरलेल्या माणसांची. कविता वाचताना माझा आवाज चांगला लागतो असे मला कोणीकोणी सांगितलेले होते, आणि त्या शनिवारी मी ती यादी कवितेसारखी वाचली. प्रत्येक नावावर टेकत, त्याचे स्वर पुरते उघडत.

वर्धा नदीकाठच्या एका गावाच्या पानावर एक नाव होते. गावाच्या कडेच्या वस्तीचे, जातीवरून पडलेले, जुने. तशी नावे यादीत आणखीही होती आणि त्यांच्यापाशी मी अडखळले नव्हते. नावे ती नावे, असे मला वाटत होते. ते नाव मी इथे लिहिणार नाही. त्या दिवशी मात्र मी ते ठसठशीत वाचले, त्यातल्या दोन आ-कारांवर किंचित रेंगाळून, बाहेरपर्यंत ऐकू जाईल असे.

"कुणाची हरकत?" भाऊसाहेबांनी विचारले. तीन श्वास गेले. "पुढे," ते म्हणाले.

सोमवारी पाने लावताना मला दिसले, की त्या पानाखाली लाल खूण नाही. मागच्या पानावर होती, पुढच्या पानावर होती. भाऊसाहेब विसरले असतील असे माझ्या मनातही आले नाही, कारण ते विसरत नसत. दुपारी ते डबा खात होते. जवसाच्या चटणीचा खमंग वास टेबलाभोवती होता. मी पान पुढे केले.

"ते तसंच राहू द्या," ते म्हणाले. "त्यात चूक नाही. दप्तराप्रमाणं आहे."

मग खूण का नाही, असे मी विचारले. त्यांनी डब्याचे झाकण लावले, हात धुऊन आले, आणि आवाजात कोणताही चढउतार न करता सांगितले. ती वस्ती त्यांची. ते तेरा वर्षांचे असताना वस्तीने बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि जुने नाव टाकले. पत्र्यावर चुन्याने नवे नाव लिहून पाटी रोवली: मैत्रीनगर. पुढच्या चावडीवाचनाला त्यांचे वडील त्यांना घेऊन गेले. गाव ओट्यावर बसे, वस्ती ओट्याखाली लांब उन्हात उभी राही. वाचणाऱ्याचा आवाज तिथवर पोहोचत नसे. आपल्याविषयी काय वाचले गेले, हे वस्तीला कधी ऐकू आलेलेच नव्हते. त्या दिवशी वडील पायरीपर्यंत गेले आणि म्हणाले, हरकत आहे, आमचं नाव आता हे आहे. वाचणारा रागावला नाही. हसून म्हणाला, हरकत लेखी द्या. वडिलांना अक्षर येत नव्हते. ते मुलाकडे वळून म्हणाले, लिही. मुलाने वहीचे पान फाडून तिथेच, गुडघ्यावर, पेन्सिलीने अर्ज लिहिला. वाचणाऱ्याने तो परत केला. पेन्सिलीचा अर्ज चालत नाही.

"मग शाईनं लिहिला," भाऊसाहेब म्हणाले. "तेव्हापासून दर वर्षी लिहितो. नोकरीत असतानाही लिहिला, आताही लिहितो. आवक होते. शिक्का मिळतो. निकाल होत नाही."

शनिवारी मी ज्या आवाजात ते नाव वाचले होते तो माझ्या घशात परत आल्यासारखा झाला. मी म्हटले, आत्ता बदलून टाकते, एक ओळ तर आहे.

"नियम मी केलाय, ताई. फ्रान्सला एक न्याय आणि माझ्या वस्तीला दुसरा? माझ्यासाठी आज वाकवाल, उद्या कुणीही येऊन वाकवील."

पण असा नियम तुम्ही केलातच का, असे मी विचारले. दप्तराने तुम्हाला काय दिले?

"दप्तराशी भांडता येतं," ते म्हणाले. "लोकांच्या तोंडी असलेल्या नावाशी कुणी, कुठं भांडायचं?"

तो आठवडा मी त्या एका पानाभोवती फिरत राहिले. त्यांच्यावर मेहेरबानी करता येणार नव्हती. त्यांना ती चाललीही नसती. मार्ग मला त्यांच्याच बोलण्यात सापडला, शिक्का या शब्दापाशी. ज्या अर्जावर कचेरीचा आवक शिक्का पडला, तो अर्ज कचेरीतच राहिला ना? म्हणजे तोही दप्तराचाच कागद झाला. मग दप्तरात दोन नावे होती. एक इतरांनी ठेवलेले, एक राहणाऱ्यांनी कळवलेले. दोन्ही दप्तरातलीच असतील, तर यादीत कोणते दाखवायचे, एवढाच प्रश्न उरत होता.

शनिवारी पेन्सिल तासली गेली. चष्मा कपाळावर गेला. "वाचा." खूण न झालेले ते पान मी पुन्हा घेतले, त्या नावापर्यंत आले आणि थांबले.

"माझी हरकत आहे," मी म्हटले.

दीड वर्षात हे शब्द खोलीत पहिल्यांदा उच्चारले गेले होते. भाऊसाहेबांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी होती. आपण विश्वासाने सांगितलेली गोष्ट हिने चव्हाट्यावर आणली, अशी. सर म्हणाले, मंगळवारी काम द्यायचे आहे, यादी सरकारी आहे, ती बदलणारे आपण कोण? मी माझा नियम मांडला. राहणाऱ्यांनी आपले नाव लेखी कळवले असेल आणि कचेरीने ते स्वीकारल्याचा शिक्का असेल, तर तेच नाव दाखवायचे. कोणत्याही देशात, कोणत्याही वस्तीला. भाऊसाहेब ऐकत होते. माझ्याकडे न पाहता, फाईल ऐकावी तसे. त्यांची नाराजी हळूहळू मावळली आणि तिच्या जागी कारकून आला.

"पुरावा?" त्यांनी विचारले.

"तुमच्या पिशवीत आहे," मी म्हटले.

मग त्यांनी पिशवी उचलली, डबा बाजूला काढला आणि फाईल टेबलावर ठेवून तिची दोरी सोडली. कागद वयाप्रमाणे रंगलेले होते: तळाशी चहासारखे तपकिरी, वर येता येता पांढरे. प्रत्येक कागद अर्जाची पोचप्रत, त्यावर जांभळा गोल शिक्का. सगळ्यांत खाली वहीचे एक घडीचे पान होते, पेन्सिलीने लिहिलेले. त्याच्यावर शिक्का नव्हता.

सर पाने उलटीत होते. भाऊसाहेब उठले. कुठे, असे कोणी विचारण्याआधीच ते म्हणाले, "ज्याचं प्रकरण असतं त्यानं निर्णयाला बसायचं नसतं." आणि ते बाहेर गेले.

दार त्यांनी लोटले नव्हते. मला ते दिसत होते. पाण्याच्या पिंपाशेजारी, हात पुढे जोडून धरलेले, मान किंचित खाली. जिन्याच्या झरोक्यातून आलेले ऊन त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पडले होते. मी पानाकडे पाहिले आणि मग पुन्हा दाराकडे. ते कुठे उभे आहेत ते मला तेव्हा कळले. दीड वर्ष मी ज्या बाहेरच्यासाठी आवाज चढवीत आले होते, तो कोण, हेही.

मी वाचले. गावाचे नाव, आणि त्याखाली मैत्रीनगर. त्यात कविता नव्हती. होता तेवढा सगळा आवाज लावून वाचले.

विचारणारे बाहेर होते, म्हणून सरांनी विचारले, जरा संकोचून, "कुणाची हरकत?" खालून कंपाउंडरने कोणाचा तरी नंबर पुकारला. तीन श्वास गेले. कोणी बोलले नाही.

"नियम करायचा तर सगळ्यांना लावावा लागेल," सर म्हणाले. "यादीत अशी जेवढी नावं असतील तेवढी तपासायची. मंगळवार जमणार नाही. मी मुदत मागून घेतो." फाईलची दोरी त्यांनीच बांधली, भाऊसाहेब बांधत तशीच, दुहेरी.

भाऊसाहेब आत येऊन बसले. निर्णय त्यांनी विचारला नाही. तो त्यांनी ऐकला होता. पान त्यांनी पुढे ओढले, पाहिले आणि लाल पेन्सिल माझ्याकडे सरकवली. "ही खूण तुम्ही करा," ते म्हणाले. माझी खूण त्यांच्यासारखी एका झटक्यात उतरली नाही. जरा जाड आली, आणि कागद तिथे थोडा खरचटला.

पुढे कंपनी मोठी झाली, शहराबाहेर काचेच्या इमारतीत गेली. शनिवार सुट्टीचा झाला. विश्रांतवाडीहून तिथे दोन बस बदलून जावे लागे, आणि भाऊसाहेबांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. ते यायचे थांबले. त्यांच्या जागी कोणाला घ्यावे लागले नाही, कारण रकाने ते आखून गेले होते. पण नवी यादी आली की ती नुसती नजरेखालून घालतात. मोठ्याने कोणी वाचत नाही.

भाऊसाहेब गेल्याचे मला त्यांच्या पत्नीने फोनवर कळवले. त्याच्या महिनाभर आधी मी त्यांच्याकडे गेले होते. लांबलेले काम अखेर पुरे होऊन गिऱ्हाइकाच्या हाती पडले होते, आणि ते त्यांना दाखवावे म्हणून मी लॅपटॉप घेऊन गेले. आळंदी रस्त्याच्या आतल्या गल्लीत दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली जळून गेलेल्या उदबत्तीचा वास. मी दारातच घुटमळले तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "काहून उभ्या राहिल्या? बसा ना जी."

भाऊसाहेब खुर्चीवर होते. त्यांनी पडद्यावर तळहात टेकवला, त्याची ऊब चाचपली, आणि म्हणाले, दिसत नाही, पण चालू आहे हे कळतं. मी देश निवडला, मग राज्य, जिल्हा, तालुका, गाव. प्रत्येक टिचकीला ते मान हलवीत होते, पायऱ्या मोजल्यासारखे. मग वस्त्यांची छोटी यादी उघडली. मी सांगितले, की उघडली आहे.

त्यांनी पत्नीला खुणेने दार उघडायला सांगितले. बाईंनी ओले हात पदराला पुसत ते सताड उघडले आणि त्या उंबऱ्यापाशीच उभ्या राहिल्या. बाहेर गॅलरीत शेजारच्या दोघी जणी गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी माना वळवल्या. भाऊसाहेबांनी, आता काही उपयोग नसलेला तो चष्मा, सवयीने कपाळावर सरकवला. डोळे मिटले.

"वाचा."